सगळेच उपसतात, मग मीच का थांबू?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला. बी.एस्सी. ॲग्री करून घरची केळी बघतो आणि गावाच्या पाणी समितीत आहे. आजोबांच्या काळात विहिरीवर भागायचं. आता ट्यूबवेलची मोटार दर एक-दोन वर्षांनी आणखी खाली सोडावी लागते. समितीतल्या आम्ही पोरांनी भिंती रंगवल्या, घोषवाक्यं लिहिली. ग्रामसभेत प्रोजेक्टर लावून आकडे दाखवले की गावातला जवळपास प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त पाणी उपसतोय आणि असंच चाललं तर बागा उभ्या वाळतील. लोकांनी शांतपणे ऐकलं, चहा घेतला. पुढच्या दोन महिन्यांत बोअरची गाडी शिवारात आधीपेक्षा जास्त वेळा दिसली.

आता काही सदस्य म्हणतात, सरळ दंड लावा. माझे वडील म्हणतात, "आधी बाकीच्यांना सांग, मग मला." यंदा त्यांनीही मोटार खाली सोडली. वर हेही ऐकवतात की मेगा रिचार्ज (तापीचं पाणी जमिनीत मुरवायची सरकारी योजना) होणारच आहे, तोवर कशाला जीव काढतोस? मानसशास्त्रात यावर काही उपाय असेल तर सांगा. माणसं बदलतात का, आणि कशी?

– एक समिती सदस्य, ता. रावेर

उत्तर

भाऊ,

तुमच्या गावाला तुमचं म्हणणं चांगलं कळलं होतं. बोअरची गाडी आली ती कळल्यामुळेच आली, आणि हेच आधी समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले तुकडे जमिनीवर पडलेले असतात. येणारे लोक आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालतात. रॉबर्ट चाल्डिनी या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीवर होतं की आजवर अनेकांनी असे तुकडे नेले आणि त्यामुळे जंगलाचं रूप बिघडलं. दुसऱ्या पाटीवर फक्त "कृपया तुकडे नेऊ नका" अशी विनंती होती. खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी पहिल्या पाटीच्या वाटेवरून जवळपास ८ टक्के गेले, दुसरीच्या वाटेवरून २ टक्क्यांपेक्षाही कमी. चोरीचं दुःख सांगणाऱ्या पाटीनेच चोरी वाढवली, कारण वाचणाऱ्याने त्यातून एवढंच घेतलं की सगळे नेतात.

तुमच्या प्रोजेक्टरनेही तेच सांगितलं. "जवळपास प्रत्येक जण जास्त उपसतो" हे वाक्य तुम्ही इशारा म्हणून उच्चारलंत. समोर बसलेल्या शेतकऱ्याने ऐकलं, "सगळे उपसताहेत, तू मागे राहिलास." त्याच्या जागी मी असते तर मलाही घाई झाली असती. तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत गाळाचा जाड थर आहे. त्यातलं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेलं नाही. मी आज सोडलेलं पाणी माझ्यासाठी जपून राहील याची हमी कोण देणार? उद्या शेजारची मोटार ते ओढून घेईल. त्यातच केळीवाल्याच्या मनात मे महिना कायम ठाण मांडून असतो. पंचेचाळीस डिग्रीच्या झळांत निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग चार दिवस तहानली तर वर्षाचा पैसा गेला. त्यामुळे जास्तीचं पाणी त्याला उधळपट्टी वाटतच नाही, तो त्याला विमा समजतो. अशा माणसाला भीती दाखवली की तो विमा आणखी वाढवतो. तुमचे लोक आळशी नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. त्यांना एकट्याने थांबायची भीती वाटते. तेव्हा समितीने यापुढे "पाणी वाचवा" हे सांगणं कमी करावं आणि "तू एकटा नाहीस" हे दाखवणं वाढवावं.

शेजाऱ्याचं वजन किती असतं हे माणूस स्वतः मान्य करत नाही. कॅलिफोर्नियात लोकांना विचारलं गेलं की वीज का वाचवता. पर्यावरणासाठी, पैसे वाचावेत म्हणून, समाजाच्या भल्यासाठी, अशी उत्तरं आली. "शेजारी वाचवतात म्हणून" हे कारण सगळ्यांत खाली राहिलं. पण प्रत्यक्ष वागणुकीशी ताडून पाहिल्यावर सर्वांत घट्ट नातं निघालं ते शेजारी किती वाचवतात या समजुतीचं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तुमचे वडील जे तोंडावर बोलले ते तिथले लोक मनात ठेवून होते, एवढाच फरक. "आधी बाकीच्यांना सांग" यात मला हट्ट दिसत नाही. बाकीचे काय करताहेत ते दाखव, मग बोलू, अशी ती अट आहे, आणि ती रास्त आहे.

मग दाखवायचं काय? तुमच्या गावात जपून पाणी देणारे शेतकरी आजही आहेत. कुणी केळीचा पाला बांधावर न पेटवता गादीवाफ्यावर अंथरतो. कुणी दर प्लॉटला ठिबक किती तास चालवायचं ते वहीत लिहून ठेवतो. अशांना शोधून काढा. पुढच्या सभेत सगळ्या गावाच्या चुका मांडायच्या ऐवजी या लोकांची केळी मांडा: घडाची रास (सरासरी वजन), पाण्याचे तास, खत, भाव. चांगली केळी आणि कमी पाणी एकाच बागेत नांदतात, हे आपल्याच शिवारातल्या माणसाच्या तोंडून ऐकू द्या. हॉटेलांतल्या टॉवेलवरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. "या हॉटेलातले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" असं लिहिल्यावर टॉवेल पुन्हा वापरणारे वाढले, आणि "याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी" असं लिहिल्यावर ते त्याहूनही वाढले. जवळच्या माणसाचा दाखला लांबच्यापेक्षा भारी पडतो. म्हणून हिवरे बाजारची चित्रफीत दाखवण्याआधी विचार करा. त्या गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर बंद केले, हे काम थोर आहेच. पण त्यांनी ऊस-केळीसारखी पिकंही नाकारली. केळी रावेरचं नुसतं पीक नाही, तिच्यावर सोयरिकी ठरतात. तिच्यावर हल्ला होतोय असं वाटलं की माणूस कान बंद करतो. "चांगला केळीवाला जपून पाणी देतो" हे वाक्य त्याच्या अभिमानाला धरून आहे. ते चालेल.

असे शेतकरी मोजके निघाले तर आकडा सांगू नका, वाढ सांगा. मागच्या हंगामात इतके होते, यंदा इतके झाले. लोक बदलू लागलेत ही बातमीसुद्धा लोकांना हलवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅफेतल्या काही ग्राहकांना सांगितलं की अलीकडे अनेक जण मांसाहार कमी करू लागलेत. "अनेक जण कमीच खातात" असं ऐकलेल्यांपेक्षा या लोकांनी बिनमांसाचं जेवण दुपटीने मागवलं.

आणि फळ्यावर सगळ्यांच्या मोटारीचे तास लिहून सरासरी काढायचा मोह झाला तर सांभाळा. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस नावाच्या शहरात घराघरांत वीजवापराची तुलना दिली तेव्हा जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे "आपण उगाच काटकसर करतोय" म्हणून वर गेले. कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला आणि ती वाढ थांबली. गावात त्या चेहऱ्याचं काम जाणत्या माणसाची शाबासकी करते. सर्वाधिक उपसणाऱ्याचं नाव फळ्यावर कधीही लिहू नका. गावात माणूस एकदा उघडा पडला की चूक दुरुस्त करत नाही, तो वैर धरतो.

आता जरा मोटारीच्या पेटीपाशी या. मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. वीज रात्री येते, मोटार आपसूक सुरू होते आणि वीज असेपर्यंत चालते. ज्या प्लॉटचा व्हॉल्व्ह काल उघडा राहिला त्यालाच पुन्हा पाणी. पाऊस येऊन गेलेला असला तरी पाणी, जमीन ओली असली तरी पाणी. या उपशाचा निर्णय कुणीच घेतलेला नसतो! घरधनी झोपलेला असतो, सालदार (सालाने ठेवलेला गडी) त्याच्या घरी असतो. तुम्ही सभेत ज्याला "लोकांची मानसिकता" म्हणता त्यातला मोठा वाटा या डबीचा आहे. मोटार चालू राहणं हेच जिथे ठरलेलं असतं तिथे बंद करायला कष्ट पडतात, आणि माणूस बहुतेकदा कमी कष्टाची वाट धरतो. ती वाट उलटी फिरवा. ऑटोला टायमर जोडला की ठरलेल्या तासांनी मोटार थांबते आणि जास्त चालवायची तर कुणाला तरी उठून यावं लागतं. खर्च थोडा आहे. समितीकडे पैसे असतील तर भिंतींच्या रंगाआधी ते टायमरवर घाला.

दुसरं म्हणजे ज्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे त्याच्याशी बोला. तुमच्या सभेला सालदार होते का? मला शंका आहे. ठराव मालक करतो आणि पाणी सालदार देतो. बाग सुकली तर बोलणी तो खातो, पाणी वाचलं तर कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. तो हात सैलच सोडणार. त्याला माती बघायला शिकवा: लॅटरलखाली (ठिबकाच्या नळीखाली) वीतभर खणायचं, मूठभर माती दाबायची, गोळा टिकला तर आज पाणी नको. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवून त्यावर तारीख आणि तास तोच लिहील. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवीन साल ठरतं, तेव्हाच हे काम ठरवून घ्या आणि त्याचं बक्षीसही बोलून ठेवा. माणसं नवी सवय नव्या हिशेबाच्या दिवशी सहज धरतात.

दंडाविषयी तुम्ही विचारलंत. इस्रायलमधल्या हायफा शहरात पाळणाघरांतून मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशीर करणारे वाढले. आधी बाईंना थांबवून ठेवल्याची लाज वाटायची. दंडानंतर ते पैसे मोजून मिळणारी सोय समजू लागले. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. मोठ्या बागाइतदाराला तुमचा, समजा, पाचशेचा दंड पाण्याचा दर वाटेल, आणि तो दर स्वस्त आहे.

तरी दंडाला सरसकट विरोध करायला मी तयार नाही, कारण खानदेशाने हे काम शतकानुशतकं नीट करून दाखवलंय. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत चालली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, त्यामुळे कुणी एकटा उठून मध्येच ऊस लावू शकत नसे. पाणी कमी असलं की यंदा कोणते फड भिजवायचे ते लाभधारकच बसून ठरवत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, आणि त्यांना मेहनताना देणारे लाभधारकच असत. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती, पण ती ज्यांनी नियम केला त्यांच्यातूनच येई. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामायिक कुरणाचा नाश अटळ आहे, कारण प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची अशी सामायिक व्यवस्था चालवणारी गावं अभ्यासून दाखवलं की अटळ काहीच नाही; लोक स्वतः नियम करतात, स्वतः राखण करतात, पहिल्या चुकीला हलकी आणि पुढच्या चुकीला जड शिक्षा ठेवतात, तिथे पाणी, जंगल, मासे टिकतात. त्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा तर आजच्या काळातलं आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी स्वतःवर घालून घेतली आणि उजाड डोंगरावर जंगल उभं केलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या समितीने वरून लावलेला दंड आणि गावाने हात वर करून स्वतःवर लावून घेतलेला दंड, दोन्हींची रक्कम सारखी असली तरी त्यांचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून दंड आत्ता नको. नियम गावाचा झाला की दंडाचं कलम गावच सुचवेल.

नियम गावाचा कसा होतो? मोठ्या सभेत होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसटंचाई होती आणि सरकारला वाटत होतं की गृहिणींनी जनावराचं हृदय, गुर्दे असे एरवी न आवडणारे भाग रांधावेत. कर्ट लेविन यांनी काही गटांना उत्तम भाषण ऐकवलं, तर काही गटांना आपापसांत बोलू दिलं आणि शेवटी करून बघायला कोण तयार आहे म्हणून हात वर करायला सांगितलं. भाषण ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते पदार्थ केले, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के. गट होते तेरा ते सतरा जणींचे. खानदेशात असा गट बोलवावा लागत नाही, हिवाळ्यात तो शेतात आपण होऊन जमतो. काट्यांवर वांगी भाजत असतात, ठेच्याचा वास सुटलेला असतो, एकाच पाटाखालचे, एकाच बांधालगतचे दहा-पंधरा जण कळण्याच्या भाकरीची वाट बघत बसलेले असतात. तुमची सभा तिथे घ्या. प्रोजेक्टर नको. एकाने आपल्या ट्यूबवेलची खोली सांगावी, मग दुसरा सांगतोच. शेवटी एकच छोटी गोष्ट ठरवा, समजा या उन्हाळ्यात आपल्या ओळीतल्या सगळ्यांनी ऑटोला टायमर लावायचा, आणि जो तयार आहे त्याने तिथेच सर्वांसमोर हो म्हणावं. चारचौघांत दिलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

त्याआधी एक चिठ्ठ्यांचा डबा फिरवा. नाव न लिहिता दोन प्रश्न: "पाण्याची काळजी वाटते का?" आणि "बाकीचे थांबले तर तुम्ही थांबाल का?" माझा अंदाज आहे की दोन्हींना "हो" म्हणणारे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त निघतील. पुष्कळदा प्रत्येक जण मनातून घाबरलेला असतो आणि दुसऱ्याचा शांत चेहरा बघून त्याला काही वाटतच नाही असं धरून चालतो. तो आकडा भरिताच्या पंगतीत वाचून दाखवा. बचत गटाच्या बायकांनाही तेच प्रश्न विचारा. कोरडा बोअर गेल्यावर कुणाची पोत गहाण पडते ते त्यांना माहीत असतं, आणि ग्रामसभेत हे कुणी बोलत नाही.

मेगा रिचार्जबद्दल: मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने करार केला ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोठी योजना येणार म्हटलं की आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटते, आणि ती येईपर्यंतचे उन्हाळे गावालाच काढायचे आहेत. ठिबकाचंही असंच होतं. बोस्टनजवळच्या एका वसाहतीत पाणी वाचवण्याची मोहीम केली. पाणी सुमारे ६ टक्क्यांनी कमी झालं आणि त्याच घरांत विजेचा वापर साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढला. एक पुण्य केलं की दुसरीकडे हात सैल सुटतो. तुमच्याकडे ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर दोन एकर नवी कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) लागत असेल तर जमिनीखाली काहीच शिल्लक पडलेलं नाही. त्यामुळे तास मोजताना एकरही मोजा.

वडिलांशी वाद घालणं मात्र आजपासून बंद करा. मुलाने सगळ्या गावासमोर पाण्याचं ज्ञान सांगावं आणि आपली मोटार त्यात चुकीची ठरावी, हे कुठल्याही बापाला जड जातं. त्यांना पटवू नका, कामात घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या गावातल्या अशा विहिरीच्या जुन्या नोंदी जिल्हा कार्यालयातून मागवा. मग गावातली एक जुनी विहीर निवडा आणि त्याच महिन्यांत दोरी टाकून पातळी मोजायचं काम वडिलांकडे द्या, सोबत त्यांच्याच वयाचे दोन शेतकरी. आकडा पंचायतीच्या भिंतीवर लिहायचा, खाली मोजणाऱ्यांची नावं घालायची. मेचा आकडा त्यांच्या हाताने लिहून होऊ द्या. ऑक्टोबरच्या मोजणीपर्यंत तुम्ही घरात पाण्याचा विषय काढू नका; त्यांनी काढला तर मात्र नीट ऐकून घ्या, कारण जुन्या विहिरी, नाले आणि झरे कुठे होते हे तुमच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात नाही, त्यांना ठाऊक आहे.